चालेल

रविवार, रात्री साडेअकरा

शुक्रवारी संध्याकाळी मी गवार मोडत बसलो असताना वहिनींचा फोन आला. "भाऊजी, 'एज ऑफ एम्पायर्स'च्या दुसऱ्या भागाची ती सीडी माझ्या लॅपटॉपवर चालेल का हो?" असे त्यांनी विचारले. "चालेल की, न चालायला काय झाले?" असे मी उत्तर दिले आणि पुढची शेंग उचलली. त्यानंतर फोनवर शांतता पसरली. ती दोन-तीन सेकंदांचीच असेल, पण गेले दोन दिवस तिने माझा पिच्छा सोडलेला नाही.

हाच शब्द मार्चमध्ये रुग्णालयाच्या जिन्यात डॉक्टरांनीही अगदी याच सुरात, घड्याळाकडे पाहत उच्चारला होता, आणि तेव्हा वहिनी माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्याविषयी आज अधिक लिहिणार नाही.

मराठीत हा शब्द फारच सोयीचा आहे. यंत्र चालते, माणूस चालतो, कमी पडलेले मीठही चालते, आणि प्रश्न नीट ऐकला नसला तरी 'चालेल' म्हणून मोकळे होता येते. वहिनींनी मला एक साधा तांत्रिक प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर देण्यापूर्वी त्यांच्या लॅपटॉपवर कोणते विंडोज आहे एवढेही मी विचारले नाही.

माझ्या बाजूने सांगण्यासारखे काहीच नव्हते असे मात्र नाही. राज्य उभारून लढाया करण्याचा हा संगणकावरचा गेम १९९९ सालचा आहे आणि आमच्या सीडीच्या खोक्यावर १६६ मेगाहर्ट्‌झचा पेंटियम, ३२ एमबी रॅम आणि हार्ड डिस्कवर २०० एमबी जागा एवढ्याच अपेक्षा छापल्या आहेत. त्या वाचून त्या काळी दादा आणि मी आमच्या घरच्या संगणकाच्या काळजीने रात्रभर जागलो होतो. वहिनींचा लॅपटॉप टाळेबंदीत ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला, म्हणजे स्वस्तातलाच आहे. त्यात सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम आहे. ४ जीबी म्हणजे ३२ एमबीच्या १२८ पट. केवळ आकडे पाहिले तर हा लॅपटॉप दादाच्या त्या संगणकाला खिशात घालून वर शीळ घालत फिरेल. शिवाय माझ्या मागच्या लॅपटॉपवर, विंडोज ७ असताना, हीच सीडी मी एकदा चालवूनही पाहिली होती. तेव्हा गवत तांबडे आणि पाणी जांभळे दिसत होते, कारण हा गेम एका वेळी २५६ रंगांच्याच पेटीतून रंग घेतो आणि त्याच पेटीत विंडोजचा डेस्कटॉपही हात घालत असे. डेस्कटॉप सांभाळणारा 'एक्स्प्लोरर' तेवढ्यापुरता बंद केला की गवत पुन्हा हिरवे होई. एवढ्या अनुभवाच्या जोरावर मी 'चालेल' म्हणालो होतो.

शनिवारी सकाळी पुतणी लॅपटॉप देऊन गेली. त्याला सीडीचा खणच नाही, ही पहिली चपराक होती. कार्यालयातून मागून आणलेला बाहेरचा ड्राइव्ह जोडला, सीडी फिरू लागली, गेम इन्स्टॉलही झाला, आणि नंतर त्याच्या चित्रावर कितीही वेळा क्लिक केले तरी काही घडेना. निळे वर्तुळ क्षणभर फिरे आणि नाहीसे होई. मी 'कम्पॅटिबिलिटी'च्या खिडकीत जाऊन विंडोज ९८ निवडले, एक्सपी निवडले आणि 'डायरेक्टप्ले' नावाचा जुना घटकही चालू करून पाहिला. दुपारी चारच्या सुमारास मला खरे कारण उमगले आणि ते इतके उपरोधिक आहे की दुसऱ्या कोणाची फजिती असती तर मी हसलो असतो. सीडी अस्सल आहे की नक्कल हे तपासण्यासाठी त्या काळी 'सेफडिस्क' नावाचे एक कुलूप वापरत. त्या कुलपाला लागणारा ड्रायव्हर, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, पूर्वी विंडोजसोबतच येत असे. परंतु तो संगणकाच्या अगदी आतल्या थरात वावरत असल्याने आणि त्यातून घुसखोरी शक्य असल्याने २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मध्ये त्याला जागा मिळाली नाही, आणि ते योग्यच झाले. परिणाम असा की त्या काळी पदपथावरून पन्नास रुपयांत नकली सीडी घेणाऱ्यांचा गेम आजही सुरू होऊ शकतो, कारण त्यांच्या सीडीतले कुलूप कोणीतरी आधीच फोडलेले असे. दादाने मात्र पहिल्या पगारातून अस्सल सीडी घेतली होती. तेव्हा मी त्याला वेड्यात काढले होते.

नवी आवृत्ती आहे, हे मला ठाऊक आहे. २०१९ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत चित्रे देखणी आहेत, आणि दादा तेव्हा ज्यासाठी कुरकुरत असे ती उणीवही भरून निघाली आहे. मूळ गेममध्ये १३ संस्कृती होत्या, ब्रिटन, फ्रँक, जपानी, मंगोल असे सगळे होते आणि आपल्याकडचे कोणीच नव्हते. आता २०२२ पासून द्रविड, बंगाली आणि गुर्जरही आहेत. पण ही आवृत्ती किमान ४ जीबी रॅम मागते, म्हणजे या लॅपटॉपची सगळीच्या सगळी, आणि साठवणुकीची जागा मागते ३० जीबी. वहिनींच्या लॅपटॉपमध्ये एकूण जागाच ६४ जीबी आहे, त्यांतली ९ जीबी मोकळी आहे, आणि ती चिप बोर्डावरच जोडलेली असल्याने बदलताही येत नाही. पुतणीचे शाळेचे प्रकल्प पुसून तेथे द्रविडांना वसवावे, असे मी सुचवू शकत नाही.

काल रात्री मला स्वतःची फार दया आली. वीस वर्षे या घरातले प्रत्येक यंत्र माझ्याकडे येते, प्रिंटर अडकला की मी, पासवर्ड विसरला की मी, आणि इतक्या वर्षांत माझ्या एका शब्दाची एवढी मोजदाद कोणी केली नव्हती. वहिनींनी तरी का केली असेल? बहुधा त्यांनी केलीच नसेल. त्या वेळी कुकरची शिट्टी झाली असेल, किंवा दादाने हाक मारली असेल. तरीही ते दोन-तीन सेकंद मी पुन्हा पुन्हा ऐकत राहिलो. दादाच्या उजव्या हाताच्या बोटांना काम हवे, त्यांनी माऊस धरावा, नेम धरून क्लिक करावे, असे वहिनींना कोणीतरी सांगितले आहे. हा गेम त्यासाठी चांगला आहे, हे त्यांनी स्वतःच शोधून काढले होते. गेमची गती कमी करता येते, मध्येच थांबवता येतो, आणि सुरुवातीला तीनच गावकरी हाताळायचे असतात. एवढा विचार करून त्यांनी फोन केला होता, आणि मी गवार मोडत होतो.

आज संध्याकाळी मीच फोन केला. वहिनींनी तो थेट दादाकडे दिला, ही तयारी मी केली नव्हती. मी त्याला सेफडिस्क, ड्रायव्हर, ६४ जीबी असे सगळे क्रमाने समजावून सांगितले, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आले की मी परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा पेपर किती अवघड होता ते सांगत आहे. त्याने सगळे ऐकून घेतले. मग थांबत थांबत, शब्द वेचत त्याने विचारले, "तक्ता आहे का... खोक्यात?"

कोणता तक्ता, हे मला आधी कळलेच नाही. मग खोके उलटे केले. सीडीच्या मागे, पुस्तिकेखाली, चौघड्या घातलेला तो मोठा छापील तक्ता होता: कोणत्या युगात कोणती इमारत, कोणत्या इमारतीतून कोणता सैनिक, आणि एकाहून दुसऱ्याकडे जाणाऱ्या बारीक रेषा. घड्यांवर तो विरला आहे. तबेल्याच्या रांगेवर चहाच्या कपाचे वर्तुळ आहे. ते माझे, आणि त्यावरून झालेले भांडणही मला आठवते. कडेने पेन्सिलीने दादाचे तिरके अक्षर आहे. "आहे," मी म्हणालो. "मग तो आण," तो म्हणाला, "बोट फिरवायला... रेषा पुरे." यानंतर तो बराच वेळ हसला. ते हसणेही हल्ली जरा उशिरानेच सुरू होते.

म्हणजे दोन दिवस मी ज्या लॅपटॉपशी झुंजत होतो त्याची या कामी गरजच नव्हती, आणि मला तसे कोणी विचारलेही नव्हते. लॅपटॉप स्वच्छ पुसून ठेवला आहे, अर्धवट गेम काढून टाकला आहे, मोकळी जागा पुन्हा ९ जीबी झाली आहे. मंगळवारी सुट्टी आहे, तेव्हा तक्ता घेऊन जाईन. मघाशी वहिनींचा निरोप आला, "जेवणाच्या टेबलावर पसरला तर चालेल ना?" मी उत्तर लगेच लिहिले नाही. तक्ता जमिनीवर उलगडून टेपने दोन्ही बाजू मोजल्या, आणि टेबलाची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये कळवा, मग सांगतो, असे त्यांना कळवले आहे.