तुम्ही विचारलंत म्हणून: मी प्रयोगशाळेत पेशींवर जो निळा दिवा पाडतो, त्याने कॅन्सर बरा होतो का?

नाही होत. हे उत्तर मी अमळनेरच्या लग्नांत, धुळ्याच्या एसटीत, एकदा तर दशक्रियेलाही दिलंय. तरी पुढचा प्रश्न ठरलेला: "मग कावीळ झालेल्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, ते काय?" अहो, ते वेगळं. तिथे कातडीतल्या बिलिरुबिनचं रूप उजेडाने बदलतं आणि ते शरीराबाहेर पडतं. माझ्या प्रयोगातल्या पेशींना नुसता दिवा दाखवून काही होत नाही. त्यांच्यात आधी ओटच्या रोपातल्या प्रथिनाचा एलओव्ही२ नावाचा तुकडा जनुकामार्फत घालावा लागतो. निळा उजेड पडला की त्याची मळसूत्री शेपटी सुटते, आड दडवलेली 'याला मोडा' ही खूण उघडी पडते आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतलं मोडतोडीचं यंत्र, तो तुकडा जोडलेलं प्रथिन मोडून टाकतं. दिवा बंद केला की थोड्याच वेळात खूण झाकली जाते.

मामांनी चारचौघांत विचारलं नाही. मावसबहिणीच्या हळदीला जेवणं आटोपल्यावर त्यांनी मला मांडवामागे नेलं. हातात बियाण्याच्या दुकानाची पिशवी, आत मामींच्या फायली. सीटी स्कॅनची फिल्म काढून त्यांनी ट्यूबलाइटपुढे धरली आणि यकृतावरच्या डागावर बोट ठेवलं. कापूस वेचून नखाकडेची कातडी फाटलेली.

"भाऊ, तुना दिवा आठे चाली का?"

मी सुरू झालो. निळा उजेड कातडीतच अडतो, यकृतापर्यंत पोचत नाही. मामा ऐकत होते, पण फिल्म खाली करत नव्हते.

"आनि लाल दिवा?"

नेमका प्रश्न. लाल उजेड जास्त आत जातो. त्याला दाद देणारं फायटोक्रोम नावाचं प्रथिनही आहे, पण तेही झाडांचं. मामींच्या पेशीत ते कुठून येणार? हे सांगितल्यावर मामांनी फिल्म पाकिटात सरकवली.

"मंग तू कसाले करस?"

तेव्हा मला बोलता आलं नाही. आता सांगतो. वाढीचा निरोप पोचवणारं ईआरके नावाचं प्रथिन आहे. उंदराच्या पीसी१२ पेशींत ते थोडा वेळ जागं झालं तर पेशी विभागते, बराच वेळ जागं राहिलं तर चेतापेशीसारखे धागे काढते. म्हणजे विहिरीवरची मोटर चालली का, एवढं पुरत नाही. किती वेळ चालली, ते बघावं लागतं. औषध घातलं तर धुऊन काढायला वेळ जातो. जनूक काढलं तर दिवस जातात, तोवर पेशी दुसरी सोय लावते. उजेडाने म्हणता येतं: आत्ता, एवढाच वेळ. बऱ्याच कॅन्सरांत हाच निरोप थांबायचं विसरलेला असतो.

पीएचडीच्या अर्जात मी 'भावी उपचार' असं ठोकून दिलं होतं. तेव्हाच्या मला खोटारडा म्हणवत नाही. तसं लिहिल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, आणि मला ते खरंही वाटायचं. आज? 'लवकरच' म्हणवत नाही, 'कधीच नाही' म्हणायलाही जीभ रेटत नाही.

मामांचे फोन येतात. पुढच्या केमोला धुळ्याला कधी निघायचं, रक्त आधी तपासायचं का, एवढंच विचारतात. दिव्याचा विषय ते काढत नाहीत. तो काढता तुम्ही.