लॉगमध्ये वाक्यं नकोत, रकाने हवेत

मी ज्या नोड (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या) सर्व्हरवर काम करते, तो दूध संकलन केंद्रांसाठी आहे. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मोजतं, सर्व्हर दर काढतो, पावती निघते. मग दुपारी केंद्रावरून फोन येतो: "मॅडम, आमच्या एका सभासदाला आज दर कमी का लागलाय?" त्या माणसाच्या घरचा पैसा त्या पावतीवर आहे, त्यामुळे "बघून सांगते" म्हणून चालत नाही.

सर्व्हर काय करतोय याच्या नोंदी म्हणजे लॉग. पण नोडच्या साध्या कन्सोल-लॉगने लिहिलेल्या 'दर काढला', 'पावती झाली' अशा वाक्यांतून याचं उत्तर सापडत नाही. सगळ्या केंद्रांच्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या असतात. ऑब्जेक्ट (नावं आणि मूल्यांचा गट) छापावा, तर फार आतले भाग नोड दाखवतच नाही.

म्हणून पिनो, नोडमध्ये लॉग लिहिणारी लायब्ररी. प्रत्येक नोंद म्हणजे जेसनची, म्हणजे नाव-मूल्य अशा रकान्यांची, एक ओळ. वेळ, प्रोसेस आयडी, होस्टचं नाव आपोआप येतं. लेव्हल, म्हणजे नोंद किती गंभीर ते, आकड्यात असते: इन्फो ३०, वॉर्न ४०, एरर ५०. त्यामुळे जेसन गाळणाऱ्या जेक्यू या साधनाला '५० आणि त्यावरचं दाखव' एवढंच सांगायचं.

मला सगळ्यात उपयोगी पडतो तो चाइल्ड लॉगर, म्हणजे मूळ लॉगरपासून बनवलेला, ठरावीक रकाने सोबत बाळगणारा लॉगर. सर्व्हरकडे विनंती (रिक्वेस्ट) आली की केंद्र, सकाळ-संध्याकाळची पाळी आणि विनंतीचा आयडी त्याला एकदाच द्यायचा. पुढे दर काढणारं फंक्शन फक्त सभासद क्रमांक, फॅट, एसएनएफ आणि कोणतं दरपत्रक लावलं ते लिहितं. बाकीचे रकाने प्रत्येक ओळीत आपसूक येतात. ते चाइल्ड बनवतानाच जेसनमध्ये बदलून ठेवलेले असतात, म्हणून दर ओळीमागे तो खर्च पुन्हा होत नाही. अशाच एका फोनच्या वेळी केंद्र आणि सभासद क्रमांकावर गाळणी लावली आणि कारण लगेच दिसलं: दूध म्हशीचं, दरपत्रक गाईचं. फास्टिफाय हे नोडचं वेब फ्रेमवर्क वापरत असाल तर पिनो त्यात आहेच, फक्त चालू करायचा. प्रत्येक विनंतीला चाइल्ड लॉगर आयता मिळतो.

नव्या मुलांना मी दोन गोष्टी आधी सांगते. ऑब्जेक्ट पहिला, संदेश नंतर. उलटं लिहिलं आणि संदेशात ऑब्जेक्टसाठी जागा राखलेली नसली, तर ऑब्जेक्ट गुपचूप गळतो. आणि एररचा रकाना 'ईआरआर' (err) या तीन इंग्रजी अक्षरांचाच ठेवा. 'एरर' असं पूर्ण नाव दिलंत तर पिनोच्या मूळ सेटिंगमध्ये रिकामे कंस छापले जातात, स्टॅक (चूक कुठून आली तो माग) मिळत नाही.

सभासदांचे मोबाइल आणि बँक खाते क्रमांक लॉगमध्ये दिसता कामा नयेत, याबाबत मी हट्टी आहे. पिनोच्या रिडॅक्ट या सेटिंगमध्ये त्या रकान्यांचे पाथ (ते ऑब्जेक्टमध्ये कुठे आहेत तो पत्ता) दिले की पिनो ते झाकतो. पण कुणी तोच नंबर संदेशाच्या वाक्यात जोडला, तर रिडॅक्टला तो दिसत नाही. कोड रिव्ह्यूमध्ये संदेशात असा व्हेरिएबल दिसला, की मी तो रकान्यात हलवायला लावते.

ओळी वाचायला सोप्या करून दाखवणारं पिनो-प्रिटी फक्त आपल्या लॅपटॉपवर. सर्व्हरवर कच्च्या ओळीच राहू द्या.