धार तुटेपर्यंत

"एवढं शिकून शेवटी रंगारीकामच का गं?" परवा व्हिडिओ कॉलवर मोठ्या काकांनी विचारलं. माझ्या गळ्यात मास्क, केसांवर पांढरी भुकटी, मागे गॅरेजमध्ये लाकडी घोड्यांवर आडवं टाकलेलं, रंगवायचं दार. काकांच्या आवाजात टोमणा नव्हता, काळजीच होती. आईनंही लगेच विचारलं, "तिकडे माणूस मिळत नाही का?" मी विषय बदलला. पण ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

माणूस मिळतो. मलाच करायचं होतं. घरात सहा दारं आहेत, प्रत्येकावर खोल नक्षीचे चौकोन, शिवाय चौकटीभोवतीच्या पट्ट्या आणि जमिनीलगतचं स्कर्टिंग. पहिलं दार मी ब्रशनं रंगवलं. सपाट भाग बरा आला, पण चौकोनांच्या कोपऱ्यांत रंग साचला आणि सकाळी तिथे ओघळ वाळून बसले होते. शेजारी एक निवृत्त सुतार राहतात. त्यांनी कुंपणापलीकडून ते दार पाहिलं, काही बोलले नाहीत, आणि संध्याकाळी स्वतःचा टर्बाइनवाला स्प्रेयर, म्हणजे हवेच्या झोतानं रंग फवारायचं यंत्र, उचलून घेऊन आले. अट एकच घातली: परत देताना रंग फवारणारी गन आतून धुतलेली हवी. ज्या हत्यारावर त्यांनी आयुष्यभर पोट भरलं, ते त्यांनी वर्षभराच्या ओळखीवर माझ्या हातात दिलं. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

हा स्प्रेयर एचव्हीएलपी जातीचा आहे. म्हणजे हवा भरपूर, दाब कमी. गनच्या तोंडाशी हवेचा दाब १० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) वर जात नाही. त्यामुळे रंग लाकडावर बसतो, उसळून खोलीभर कमी उडतो. भिंतींसाठी वापरतात तो एअरलेस स्प्रेयर वेगळा. त्यात हवा नसते, पंप रंगालाच दाबून बारीक छिद्रातून फेकतो आणि दाब ३,००० पीएसआयपर्यंत जाऊ शकतो. त्यानं काम झपाट्यानं होतं, बारीक टिप लावून दारंही छान होतात. पण त्याच्या तोंडासमोर बोट आलं तर रंग कातडी भेदून आत शिरतो. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आणि तरीही तासाभराचाही उशीर न करता शस्त्रक्रियेसाठी पळावं लागतं. घरी कोणी तो भाड्यानं आणणार असेल तर एवढं वाक्य तरी लक्षात ठेवा. ती जखम नुसती बांधून घरी बसायची नसते.

आता मुद्द्याची गोष्ट. स्प्रेयरसोबत शेजाऱ्यांनी एक छोटा धातूचा पेला दिला, बुडाला भोक असलेला. रंग गाळून त्यात काठोकाठ भरायचा, भोकावरचं बोट काढायचं आणि घड्याळ लावायचं. खालून पडणारी धार अखंड असते, मग एका क्षणी तुटते आणि थेंब पडू लागतात. धार तुटेपर्यंत किती सेकंद गेले, तो रंगाचा दाटपणा. सेकंद जास्त आले तर रंग नीट फुटत नाही आणि दारावर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे उमटतात. कमी आले तर उभ्या पट्टीवरून ओघळतो. त्यामुळे डब्यावर लिहिलेल्या मर्यादेत थोडं थोडं पाणी घालायचं, ढवळायचं, पुन्हा पेला भरायचा.

मी ती धार पाहत उभी होते आणि मला एकदम आमच्याकडचे पॉलिशवाले मिस्त्री आठवले. मी आठ-नऊ वर्षांची असेन. बाबांचं लाकडी कपाट ते पॉलिश करत होते. डब्यात काडी बुडवायचे, वर उचलायचे, डोळे बारीक करून बघायचे, आणि "अजून दाट आहे" म्हणून स्पिरिट घालायचे. ते काय बघतात हे मी तेव्हा विचारलं नाही. ते धार तुटायचीच वाट बघत होते! पेला नाही, घड्याळ नाही, आणि तरी त्या कपाटाच्या दारात आजही चेहरा दिसतो. मी हे शेजाऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तुला मी काय शिकवणार?" खरं सांगते, त्या वाक्यानं माझी मान ताठ झाली.

आणि लगेच थोडी खालीही गेली. कारण त्या मिस्त्रींच्या तोंडाला साधा रुमालही नसायचा. इथे शेजाऱ्यांनी मला मास्कशिवाय गनला हात लावू दिला नाही. पाण्यात मिसळायचा रंग असला तरी त्याचं धुकं फुप्फुसात जातं, म्हणून मास्कला कण अडवणारं गाळण लागतं. थिनर किंवा स्पिरिट असेल तर वाफ शोषणारी वेगळी काडतुसंही मास्कला लावावी लागतात, कापडी मास्क तिथे काही कामाचा नाही. हार्डनर (रंग कडक करणारं द्रव्य) मिसळून मारायचे काही रंग तर त्यांनी घरात आणूच नकोस म्हणून बजावलं, त्यातल्या आयसोसायनेट नावाच्या रसायनानं दमा जडू शकतो. मिस्त्री खोकायचे ते मला आठवतं. त्यांना कोणी मास्क दिला नाही, आमच्या घरानंही दिला नाही. बाबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, तेव्हा कोणालाच ते सुचत नव्हतं. पण ते आठवल्यापासून चैन पडत नाही.

हाताचं तंत्र पुठ्ठ्यावर शिकले. गन लाकडापासून सहा ते आठ इंचांवर, आणि ते अंतर शेवटपर्यंत तेवढंच. मनगट वळवलं की मध्ये जाड आणि कडांना पातळ थर बसतो, म्हणून अख्खा हात बाजूला सरकवायचा. गनचा घोडा दाबायचा तो दाराच्या बाहेर आणि सोडायचाही बाहेर. फवाऱ्याच्या प्रत्येक पट्ट्यानं आधीच्या पट्ट्याचा निम्मा भाग झाकायचा. आधी कडा, मग चौकोनांची नक्षी, शेवटी सपाट भाग. ओघळ आलाच तर ओल्या रंगाला बोट लावायचं नाही. पूर्ण वाळू द्यायचा आणि पॉलिश पेपरनं घासून काढायचा.

एका दाराच्या एका बाजूला फवारायला मला जेमतेम पाच मिनिटं लागतात. त्याआधीची तयारी मात्र दिवस खाते. बिजागऱ्या काढा, खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरा, २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, धूळ पुसा, अस्तर मारा, ३२० नं पुन्हा घासा, पुन्हा पुसा. पट्ट्या आणि स्कर्टिंग तर भिंतीवरून निघत नाहीत, म्हणून भिंती, जमीन, खिडक्या, दिवे, सगळं कागद आणि टेपनं झाकायचं. दोन दिवस मी गुडघ्यांवर बसून टेप लावत होते. एका कोपऱ्यात बोटभर फट राहिली आणि तेवढ्यातून धुकं लाकडी जमिनीवर जाऊन बसलं. ते खरवडताना मला रडू आलं. दोन-तीन पट्ट्यांसाठी कोणी विचारलं तर मी ब्रशच घे म्हणेन. सहा दारं, तीही नक्षीची, असतील तरच हा खटाटोप.

गन धुण्याचं काम सर्वांत मोठं. टोपी, नोझल, सुई, सगळं सुटं करायचं, मऊ ब्रशनं घासायचं, छिद्रात तार कधीच घालायची नाही. पहिल्या दिवशी मी गन धुऊन शेजाऱ्यांना दाखवायला नेली. त्यांनी सुई काढली, उजेडात धरली आणि काही न बोलता परत दिली. मी घरी येऊन पुन्हा धुतली.

काका, तुम्ही हे वाचाल हे मला माहीत आहे. मी शिकले त्याचं चीज इथल्या नोकरीत रोज होतंय. पण त्या कपाटासमोर मी लहानपणी तासन्‌तास बसायचे, ते काम कसं होतं हे मला आता हातानं कळलंय, आणि ते कमी प्रतीचं शिक्षण आहे असं मला वाटत नाही.

पाच दारं झाली. स्पर्शाला वाळली आहेत, पुरती कडक व्हायला अजून काही आठवडे जातील, म्हणून सध्या ती हळूच लावतो. सहावं घोड्यांवर आहे. पुढचा कॉल आला की मी काकांना त्याचा खालचा काठ दाखवणार आहे. तिथे कोणाची नजर जात नाही, पण दमट हवेत दार फुगतं ते कोऱ्या राहिलेल्या काठातूनच पाणी पिऊन. तिथे मी रंगाचे तीन हात दिले आहेत.