आमची वाटचाल : बाईंच्या नावाची नोंद

2014 साली नाशिकला गंगापूर रोडवर भाड्याच्या एका खोलीत मी आणि माझ्या मित्राने काम सुरू केलं. काम म्हणजे सॉफ्टवेअर मराठीत आणायचं, बटणांवरचे शब्द, एरर मेसेज, मदतीची पानं. भाषांतर करणारे सगळे घरून काम करणारे, कोणी प्रूफरीडर, कोणी रिटायर्ड शिक्षिका, बेळगावचे एक काका तर पोस्टातून निवृत्त झालेले, पण मराठी एकेकाची अशी पक्की की ऱ्हस्व-दीर्घासाठी मी त्यांनाच फोन करायचो. फाइली मेलवर यायच्या, फायनल, फायनल-2, नक्की फायनल, आणि त्यातली खरी कुठली हे शोधण्यात संध्याकाळ जायची.

2017 ला एका ग्राहकाने सांगितलं, यापुढे सगळं गिटवर, म्हणजे फाइलींमधला प्रत्येक बदल कोणी आणि कधी केला हे जपून ठेवणाऱ्या प्रणालीवर. त्यांचं बरोबरच होतं. पण गिट लिनस टोरवाल्ड्सने 2005 मध्ये बनवलं ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर काम करणाऱ्या प्रोग्रामर लोकांसाठी, "मी एवढा एकच शब्द सुधारलाय, तेवढा घ्या" म्हणणारा माणूस त्यात धरलेलाच नव्हता.

आम्ही दोन दिवसांचं ट्रेनिंग ठेवलं, बारा कमांडचा कागद लॅमिनेट करून प्रत्येकाला दिला. आठवडाभरात बाईंचा फोन. बाई म्हणजे बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. "अरे, पुल करताना, म्हणजे सगळ्यांचे बदल आपल्याकडे उतरवून घेताना लाल अक्षरात काहीतरी आलं, मला काही कळेना, म्हणून फोल्डर डिलीट केलं आणि परत उतरवून घेतलं." फोल्डर परत उतरलं, पण त्यांनी केलेली 140 वाक्यं पुश झालीच नव्हती, म्हणजे सगळ्यांच्या साठ्यात चढलीच नव्हती, ती गेली. बाई एवढंच म्हणाल्या, "परत करते." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग मी त्याहून मोठी चूक केली. म्हटलं तुम्ही आपली मेलनेच पाठवा, गिटवर आम्ही चढवतो. सोपं वाटलं, सगळे खूश. वर्षभराने बाईंच्या नातीने, ती तेव्हा इंजिनिअरिंगला होती, प्रोजेक्टचं पान उघडलं आणि विचारलं, दादा, यात आजीचं नाव कुठंय? नव्हतंच. सगळ्या कमिटवर, म्हणजे गिटमध्ये जतन केलेल्या प्रत्येक बदलावर माझं नाव होतं. खरं तर गिटमध्ये लिहिणारा आणि चढवणारा या दोन वेगळ्या जागा असतात, लिहिणाऱ्याचं नाव त्याच्याच खात्यावर टाकता येतं, मला ते माहीत होतं आणि घाईत मी ते केलं नाही. बाईंची मी घरी जाऊन माफी मागितली. तिथून आमच्या कामाची दिशा बदलली, हे मी मनापासून सांगतो.

माझे वडील आडतीवर दिवाणजी होते. किर्दीत खोडाखोड करायची नाही, चुकलं तर उलटी नोंद टाकायची, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. गिटचा रिव्हर्ट, म्हणजे जुना बदल उलटवणारी कमांड, तरी दुसरं काय करतो? मग आम्ही शब्दच बदलले, कमिट म्हणजे नोंद, ब्रँच म्हणजे कच्ची वही, मर्ज म्हणजे पक्क्या वहीत चढवणं. बेळगावच्या काकांना हे पाच मिनिटांत कळलं, दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये जे कळलं नव्हतं ते.

बटणांच्या शब्दांसाठी आम्ही वेबलेट हे भाषांतराचं सॉफ्टवेअर घेतलं, ते ओपन सोर्स आहे, माणूस ब्राउझरमध्ये वाक्य लिहितो आणि मागे कमिट त्याच्याच नावाने होते. मदतीच्या पानांसाठी स्वतःचा एक छोटा फॉर्म बनवला, त्यात फक्त "पाठवा" असं बटण, ब्रँच आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे "हा बदल तपासून पक्क्या वहीत घ्या" अशी विनंती, आपोआप.

छोट्या गोष्टींनीच जास्त छळलं. फाइलचं नाव देवनागरीत ठेवलं की गिट ते \340\244 असल्या आकड्यांच्या रांगेत दाखवायचं, बाईंना वाटलं व्हायरस आला. कोटपाथ नावाची एक सेटिंग बंद केली की सरळ मराठी दिसतं. दुसरं, गिट फरक ओळीओळीने दाखवतं, आणि आमचा अख्खा परिच्छेद एकाच ओळीत असायचा, त्यामुळे एक वेलांटी बदलली तरी पूर्ण परिच्छेद एकदा लाल आणि एकदा हिरवा, तपासणाऱ्याने शोधायचं काय? आता एका ओळीत एकच वाक्य, आणि बदललेला शब्द तेवढाच रंगवतो.

पुष्कळ डेव्हलपर मला सांगतात की लोकांनी गिट शिकायलाच पाहिजे. ज्याला शिकायचंय त्याने जरूर शिकावं, आमच्यातल्या दोघींनी शिकून घेतलंय, पण एक अनुस्वार सुधारायला टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, उघडायला लावणं मला पटत नाही. असा माणूस एकदा माघारी गेला की परत येत नाही, आणि जातं ते आपल्या सॉफ्टवेअरचं मराठी.

आज आम्ही सहा जण आहोत आणि बाहेरून अकरा जण लिहितात. दोघांनी एकच वाक्य बदललं तर अजून अडतं, तेव्हा दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी दाखवतो आणि त्यांनाच एकमेकांना फोन करायला सांगतो. सध्या मोबाईलवरच्या फॉर्मचं काम चालू आहे कारण तिघींकडे लॅपटॉप नाही. त्याची पहिली तपासणी बाई करतायत, काल रात्री त्यांच्या नावाने सात नोंदी पडल्या, त्यातली एक आमच्याच "पाठवा" बटणाखालच्या ओळीतली शुद्धलेखनाची चूक होती.