आमची वाटचाल : एक खड्डा, चार माणसं आणि सोमवार

आमच्या गॅरेजात शिरलात की डाव्या हाताला फळीवर लोणच्याची एक जुनी बरणी दिसेल. आत खाली गढूळ पाणी, वर काळपट तेल. भरली तेव्हा सगळं एकजीव होतं, दूध घातलेल्या चहासारखं. ते एका जीपच्या मागच्या डिफ्रेन्शिअलमधलं, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरच्या पेटीतलं ऑइल आहे, 2005 सालचं. आमचा धंदा खऱ्या अर्थानं त्या बरणीपासून सुरू झाला.

त्याआधीचं थोडक्यात सांगतो. वडील माझगावात फिटर. विलिस जीपचे सुटे भाग आणून गाड्या जोडायचं काम महिंद्रानं चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावातच सुरू केलं होतं, त्याच्या गोष्टी बाबांच्या तोंडून ऐकत मी वाढलो. 1996 मध्ये कुर्ल्याला मिठी नदीजवळ गाळा भाड्यानं घेतला. टॅक्सी, टेम्पो, जे दारात येईल ते. नऊ वर्षं पोट भरलं, नाव काही झालं नाही.

मग 26 जुलै. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस. आमच्या गाळ्यात छातीभर पाणी. पुढचे पंधरा दिवस टो करून आणलेल्या गाड्यांची रांग. ज्यांनी बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारून पाहिला, त्यांच्या इंजिनात पाणी ओढलं गेलं होतं. पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकले. ज्यांनी चावीला हात लावला नाही ते थोडक्यात सुटले. हे तेव्हा सगळ्याच मिस्त्रींना कळलं.

पण जीपवाले वेगळेच. त्यांच्या गाड्या उंच, पाण्यातून आरामात घरी पोचल्या, आणि महिनाभर तेच सांगत फिरले. दिवाळीच्या सुमारास त्यांतल्या तिघांच्या गाड्या मागून रडायला लागल्या. डिफ्रेन्शिअलचं बूच खोललं तर चहा! बेअरिंगवर गंजाचे खड्डे. मला आधी वाटलं, तेल आत अडवणारं रबरी सील गेलं असणार. एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी समजावलं : चालून चालून हाऊसिंग, म्हणजे डिफ्रेन्शिअलची पेटी, तापलेलं असतं, गाडी थंड पाण्यात उतरली की आतली हवा आकसते आणि मिळेल तिथून आत ओढ घेते. वर ब्रीदर म्हणून एक बारकी टोपी असते, हवा आत-बाहेर व्हायला. ती चिखलानं तुंबलेली असेल तर ओढ सीलवर येते, उघडी असेल तर सरळ ब्रीदरमधूनच पाणी आत. उपाय काय, तर ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेऊन बांधायची. खर्च किरकोळ. आजही पहिल्यांदा येणाऱ्या गाडीचं मी आधी ब्रीदर बघतो, मग मालकाशी बोलतो.

2010 मध्ये महिंद्राची थार जीप आली आणि रविवारी कर्जत-मुरबाडकडे चिखलात जाणारी पोरं वाढली. तोपर्यंत आम्ही भांडुपला आलो होतो. ही पोरं यायची ती विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), लाइटबार आणि मोठे टायर बसवायला. त्यात पैसा होता, बसवलेही. पण एकदा आमच्या पोरानं टायर चढवून नट आवळले आणि 50-100 किलोमीटरनंतर पुन्हा आवळायला या, हे सांगायचं राहिलं. खोपोलीजवळ चाक हलायला लागलं. गिऱ्हाईक शहाणं, जागीच थांबलं. नट, स्टड, गाडी टो करायचा खर्च मी भरला. त्या रात्री बायको म्हणाली, "अहो, बसवायचे पैसे घेता, तपासायचे का नाही घेत?"

तिथून सोमवार सुरू झाला. रविवारी शटर खाली, कारण गिऱ्हाईक डोंगरात. सोमवारी सकाळी सातला खड्डा (गाडीखाली उतरून काम करायचा) रिकामा ठेवायचा. गाडी आली की आधी खालून धुवायची, पण रेडिएटरवर प्रेशरचा फवारा नाही. त्यानं पत्र्या वाकतात. इंजिनाच्या बाजूनं साधं पाणी सोडलं की अडकलेला चिखल आला तसा पुढून निघतो. ब्रेक ड्रम उघडायचे, आत हमखास बारीक वाळू सापडते. मग ग्रीस. चाकांकडे ताकद नेणारा दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या सांध्यातल्या क्रॉसला ग्रीस भरायचं निपल असतं, पंप मारत राहायचं, जुनं ग्रीस पाण्या-मातीसकट बाहेर येऊन त्यामागून नवं स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत. दोन पंप मारून निपल पुसून ठेवणारे मिस्त्री मी पाहिलेत. तसल्या क्रॉसचा टकटक आवाज गिअर टाकताना ऐकू येतो. शेवटी पुढचं-मागचं दोन्ही डिफ्रेन्शिअल आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) यांचं बूच मालकासमोर सैल करायचं. पाणी जड, त्यामुळे आत असलं तर आधी तेच ठिबकतं. बिलावर लिहिलेलं लोक वाचत नाहीत, ठिबकताना पाहिलेलं विसरत नाहीत.

पण खरं सांगू? चिखलात जाणाऱ्या गाड्या आमच्याकडे फारशा मरत नाहीत. मरतात त्या सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या. समुद्राची खारी दमट हवा, आणि फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना ताकद देणं, वर्षभर टाकलेलंच नसतं. लिव्हर जाम, पुढच्या एक्सलच्या सीलना तेल लागलेलं नाही, सील वाळून चिरलेलं. मी सांगतो, महिन्यातून एकदा फोर व्हील टाकून थोडं चालवा. मात्र पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतं लिव्हरनं टाकायचं, फोर व्हील कोरड्या डांबरावर नको. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, ती ओढाताण सोसायला डांबरावर घसरायची सोय नसते, सगळा ताण गिअरांवर येतो. मोकळी माती हवी. आता मुंबईत मोकळी माती कुठून आणायची? एका गिऱ्हाइकानं उत्तर दिलं, "काका, आमच्या गल्लीत रस्ता खणलाय, तिथेच टाकतो." आमच्या महापालिकेची अशीही सेवा.

टायरमधल्या हवेवरून अजून वाद होतात. चिखला-वाळूत 18 पीएसआयपर्यंत उतरवतात, ते ठीक. पण परतताना हवा न भरता एक्सप्रेसवेवर घ्यायची? टायरची बाजू तापून फाटते. म्हणून छोटा कम्प्रेसर गाडीत नसेल तर मी विंच बसवून देत नाही. दोन-तीन गिऱ्हाइकं यावरून तुटली.

2020 च्या नव्या थारनं ऑटोमॅटिकवाले आणले. गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारा स्कॅनर घ्यावा लागला, तो मुलगा चालवतो. मला त्यातलं निम्मं समजत नाही, पण ग्रीस गन अजून माझ्याच हातात असते. बरणी फेकून द्या, असं मुलगा दरवर्षी साफसफाईला म्हणतो. त्याची आई ती पुसून परत जागेवर ठेवते.

तेव्हा यायचं असेल तर मे महिन्यातच या. पहिल्या पावसानंतरच्या सोमवारी रांग रस्त्यापर्यंत जाते आणि आमच्याकडे खड्डा एकच आहे.