ओइदा आणि आईचं वेद-वेत्थ

सकाळी ऑफिसची बस यायच्या आधी मी वीस मिनिटं प्राचीन ग्रीक शिकते. कशासाठी, हे सदाशिव पेठेतल्या आमच्या सोसायटीत कुणालाच समजलेलं नाही. अप्पा बळवंत चौकात मिळालेलं पाठ उसवलेलं व्याकरण आणि शेजारी चहा, एवढाच संसार.

परवा 'ओइदा'पाशी अडले. अर्थ 'मला माहीत आहे'. या क्रियापदाचं वर्तमानकाळी रूप शोधत पानं उलटत बसले, तर ते नाहीच! ओइदा हे रूप पूर्णकाळाचं. मूळ धातू 'पाहणे'. पाहून झालंय, म्हणून आता माहीत आहे. पोटात कावळे ओरडत असताना आपण 'भूक लागली' म्हणतो, 'लागते' नाही, तसंच काहीसं.

मोठ्यानं घोकायला लागले. ओइदा, ओइस्था, ओइदे.

आई ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. निवृत्त संस्कृत शिक्षिका. मान वर न करता म्हणाली, "वेद, वेत्थ, वेद."

"काय?"

"विद् धातू. प्रत्यय भूतकाळी लिट्‌चे, अर्थ वर्तमानकाळी लट्‌चा. 'विदो लटो वा', पाणिनीनं सूत्रच केलंय. पुढे विद्म, विद, विदुः."

मी पुस्तकात पाहिलं. ग्रीकांनी सुरुवातीचा 'व' टाकून दिला, एवढाच काय तो फरक. महाकवी होमरकडे 'आम्हाला माहीत आहे' म्हणजे इद्मेन, विद्मला अगदी खेटून; अथेन्सवाल्यांनी त्याचं इस्मेन केलं. एकवचनात 'ओइ', अनेकवचनात नुसता 'इ'. इकडे 'वे' आणि 'वि'. चार दिवस मी हे कारण न कळता पाठ करत होते, गाढवासारखी.

मग कृदन्तावर आले. जाणणारा तो एइदोस. जाणणारी ती, होमरकडे, इदुइआ.

"पुन्हा म्हण," आई म्हणाली.

"इदुइआ."

"विदुषी." कोथिंबिरीचा देठ तिच्या चिमटीतच राहिला. "अगं, विदुषी!"

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "मग नुसतं 'पाहतो'ला काय म्हणतात?"

"वर्तमानात होराओ, भविष्यात ओप्सोमाइ. आणि 'पाहिलं'ला एइदोन, तो मात्र आपला विद्. तीन काळ, तीन धातू." मला वाटलं, आता नावं ठेवेल.

"'पाहतो' पश्यति, पण 'पाहिलं' ददर्श," ती म्हणाली. "तू रोज बसनं जातेस, पण काल बस गेली. ऊठ, सव्वासात झाले."