डोमिनिकाचा उकळता तलाव: पाऊल कुठे टाकायचं आणि कुठे नाही

गरम पाण्याचं कुंड म्हटलं की आपल्याला वज्रेश्वरी, गणेशपुरी नाहीतर चोपड्याजवळचं उनपदेव आठवतं. कपडे काठावर ठेवायचे आणि पाण्यात उतरायचं. कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिका बेटावरच्या ‘बॉइलिंग लेक’ला निघताना ही सवय नाशिकमध्येच सोडून जा. तिथे काठालगतच्या पाण्याचं तापमान ८२ ते ९२ अंश सेल्सियस मोजलेलं आहे. मधोमध तर पाणी खळाखळा उकळत असतं, तिथे मोजमाप घ्यायला कोणी जातच नाही.

तरीही आम्ही सांगू की सगळ्यात मोठा धोका तलाव नाही. तलाव दुरून दिसतो, वाफ दिसते, माणूस आपोआप थबकतो. धोका आहे तो तलावाच्या आधी लागणाऱ्या ‘व्हॅली ऑफ डेसोलेशन’च्या जमिनीत, कारण ती दिसायला आपल्या ओळखीच्या मातीसारखीच दिसते.

आधी तिकिटाचं. डोमिनिका आणि डोमिनिकन रिपब्लिक हे वेगवेगळे देश आहेत. तिकीट काढताना विमानतळाचं नाव डग्लस-चार्ल्स आहे ना, ते पाहा. मायामीवरून थेट विमान आहे, पण भारतीय पासपोर्टवर तिथे नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. विमानतळ बेटाच्या ईशान्येला आणि राजधानी रोझो नैऋत्येला, त्यामुळे उतरल्यावर घाटरस्त्याचा प्रवास आहेच. मुक्काम रोझोत किंवा थेट पायथ्याच्या लोडा गावात करावा. लोडा बरं, कारण पहाटेचा वेळ वाचतो आणि या ट्रेकमध्ये वेळेला फार किंमत आहे.

तलाव ‘मॉर्न त्र्वा पितों’ राष्ट्रीय उद्यानात आहे. उद्यान १९७५ सालचं, १९९७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. वाट सुरू होते त्या टिटू गॉर्ज या अरुंद घळीपासून जाऊन-येऊन साधारण १३ किलोमीटर, सहा ते सात तास. अंतर ऐकून हसू नका. बारीहून कळसूबाई चढलात की उरतो तो उतार. इथे मॉर्न निकोल्स हा सुमारे ९६५ मीटरचा डोंगर ओलांडून पलीकडे दरीत उतरायचं असतं आणि थकलेल्या पायांनी परतताना तोच पुन्हा चढायचा असतो. म्हणून तयारी करायची तर जुलै-ऑगस्टच्या चिखलात ब्रह्मगिरी, अंजनेरी करावी, आणि उतारावर जास्त लक्ष द्यावं. कोरड्या हिवाळ्यात कितीही किल्ले केले तरी तिथल्या निसरड्याची सवय होत नाही. बेटाच्या डोंगरभागात वर्षाला ७००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, इगतपुरीच्या दुपटीपेक्षा अधिक. त्यातल्या त्यात कोरडे महिने फेब्रुवारी ते एप्रिल. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ.

गाइड घ्याच. वाट ओळखायला नाही, जमीन ओळखायला. वाफेची भोकं जागा बदलतात, आणि गेल्या महिन्यात जिथून सुखरूप चाललं तिथे आज उकळतं पाणी असू शकतं. व्हॅलीत १८८० मध्ये मोठा वाफेचा स्फोट झाला होता, १९९७ मध्ये लहानसा. मोबाइलमधला जुना जीपीएस ट्रॅक तिथे उपयोगाचा नाही.

सकाळी साडेसात-आठला चालायला लागा. पहिला तासभर दाट जंगल, वृक्षनेच्याच्या खोडांच्या पायऱ्या, मग ब्रेकफास्ट रिव्हर. इथे बाटल्या पुन्हा भरून घ्या. यापुढच्या दरीतलं पाणी कितीही नितळ दिसलं तरी पिऊ नका, त्यात गंधकाचं आम्ल आणि विरघळलेले धातू असतात. माणशी तीन लिटर पाणी धरा. हे फक्त पिण्यासाठी नाही, भाजलं तर तेच पाणी औषध आहे. खायला बेदाणे, शेंगदाण्याचे लाडू, चिवडा पुरतो.

मॉर्न निकोल्सच्या माथ्यावर ढग नसतील तर पलीकडे वाफेचा लोट दिसतो. तिथून खालचा उतार सगळ्यात वाईट. काठी वापरा, पण दरीत शिरताना मनगटाचा पट्टा काढून टाका, म्हणजे तोल गेला तर हात मोकळे राहतात.

आता व्हॅली. खालून येणारी आम्लयुक्त वाफ खडकाला कुजवून त्याची चिकणमाती करते. वर कोरडा पांढरट थर धरतो आणि आत पोकळी राहते. भाकरीचा पापुद्रा फुगतो ना, तसा. बोट लावलं की फुटतो, खाली भाजणारी वाफ. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला. कातळ दिसला की बिनधास्त पाय द्यायचा, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. इथे उलट वागायचं. गाइडचं पाऊल उठलं की त्याच ठशावर आपलं. पांढरी, पिवळी, ओलसर चमकणारी जमीन टाळायची. ओढा ओलांडताना दगड आधी काठीने दाबून पाहायचा, हात टेकवायचा नाही. गट असेल तर दोघांत दोन-तीन पावलांचं अंतर ठेवा, थांबून घोळका करू नका. फोटोसाठी वाटेबाहेर एक पाऊलही नको. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात २०१६ मध्ये लाकडी वाट सोडून गेलेला एक तरुण गरम झऱ्यात पडून दगावला.

अंगावर पूर्ण लांबीची पँट आणि घोटा झाकणारे, आधी वापरून पायाला सरावलेले बूट हवेत. कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा लावा. चांदीचे दागिने घरी ठेवा, हायड्रोजन सल्फाइडने काळे पडतात. कुजक्या अंड्यासारखा वास याच वायूचा, आणि त्यातला फसवेपणा लक्षात ठेवा: प्रमाण फार वाढलं की नाक बधिर होतं आणि वास ‘गेला’ असं वाटतं. सोबत असणारा कार्बन डायऑक्साइड तर बिनवासाचा आणि हवेपेक्षा जड, म्हणून खड्ड्यात साचतो. वारा पडलेला असेल तर खोलगट जागी बसून डबा उघडू नका. डोकं दुखलं, धाप वाढली की वारा जिकडून येतो तिकडे, वर सरका. १९०१ मध्ये तलावापाशी दोघांचा जीव वायूनेच गेला होता. दम्याचा त्रास असलेल्यांनी मॉर्न निकोल्सवरूनच परतावं, असं आमचं मत आहे.

व्हॅलीनंतर अर्धा-पाऊण तासात तलाव. सुमारे ६० मीटर रुंद, राखाडी-निळसर पाणी, वर वाफेची चादर. जगातल्या उकळत्या तलावांत आकाराने हा दुसरा, पहिला न्यूझीलंडचा फ्राइंग पॅन लेक. वाऱ्याची झुळूक येईपर्यंत थांबलात की पाणी दिसतं, आणि ते दृश्य सगळ्या चढाचं सार्थक करणारं आहे. बघायचं मात्र वरच्या कड्यावरून, धारेपासून मागे राहून. वाफेने ती धार आतून पोखरलेली असते. पाण्यापर्यंत उतरायचं नाही.

हा तलाव म्हणजे पाण्याने भरलेलं वाफेचं तोंड. खालून सतत येणारा वायू पाण्याला आसपासच्या भूजलपातळीपेक्षा वर तोलून धरतो. वायू अडला की पाणी सच्छिद्र खडकात झिरपतं आणि तलाव रिकामा होतो. २००४ च्या डिसेंबरात तसं झालं, पाणी ओसरलं आणि गारही झालं. २००५ मध्ये तो पुन्हा भरला. म्हणून तलाव शांत, गार, खाली गेलेला दिसला तर ते सुरक्षिततेचं लक्षण समजू नका. अशा वेळी वायू आणि अचानक उसळण्याचा धोका वाढतो. मागे फिरा, उद्यानाच्या कर्मचाऱ्यांना कळवा.

पाय गरम पाण्यात गेलाच तर बूट आणि मोजा लगेच काढा, भिजलेलं लोकर-कापड भाजत राहतं. कातडीला चिकटलेलं ओढू नका. बाटलीतलं पाणी हळूहळू ओता, गटातल्या सगळ्यांचं वापरा, वीस मिनिटं हे चालू ठेवायचं. शेजारच्या ओढ्यात पाय बुडवू नका. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नको. नंतर क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ प्लास्टिक) किंवा स्वच्छ कापड सैल गुंडाळा. छोटा रोल सॅकमध्ये ठेवायला जड नाही.

तलावावरून उशिरात उशिरा दीडला निघा. डिसेंबरात तिथे पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं. जातानाच बारा वाजत आले आणि अजून व्हॅली गाठलेली नसेल तर तिथूनच परतायचं. हेडटॉर्च असूद्याच. खाली टिटू गॉर्जच्या गार पाण्यात पोहण्याचा मोह होतो आणि तो पुरवावाही, मात्र वर पाऊस झाला असेल तर नाही. त्या अरुंद घळीत लोंढा येतो आणि बाजूला चढायला जागा नसते. मुक्कामी पोहोचल्यावर बूट, काठीचे सांधे आणि सॅकच्या चेन साध्या पाण्याने धुऊन घ्या. आम्लाचा चिखल रात्रभर राहिला तर डिंक सुटतो आणि चेन गंजतात.